मुंबई महाधर्मप्रांत आणि चर्चच्या चाव्या

१८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये एका बिशपने आपल्या अनुयायांसह स्वतःला कोंडून घेतले आणि बाहेर त्याच धर्माच्या, त्याच पंथाच्या, बहुधा त्याच गल्लीत राहणाऱ्या लोकांनी पंधरा दिवस वेढा घातला. आत होते रोमने थेट नेमलेले कापुचिन संघाचे स्विस बिशप अनास्तासियस हार्टमन. बाहेर होते गोव्याच्या आर्चबिशपांचा अधिकार मानणारे लोक. हुतात्मा झालो तरी बेहत्तर, पण हे चर्च फुटीर धर्मगुरूंच्या हाती जाऊ देणार नाही, अशी बिशपांची भूमिका होती. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी दारे उघडली आणि चर्च बाहेरच्या पक्षाच्या स्वाधीन केले. कॅथलिकांच्या आपसातल्या भांडणाचा निवाडा प्रॉटेस्टंट इंग्रजांनी केला, आणि तोही रोमच्या प्रतिनिधीच्या विरोधात.

मुंबई महाधर्मप्रांताचा, म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालच्या कॅथलिक प्रदेशाचा, इतिहास समजून घ्यायचा असेल तर या प्रसंगापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. एरवी हा इतिहास संतांच्या, मिशनऱ्यांच्या आणि जुन्या इमारतींच्या यादीसारखा सांगितला जातो आणि त्या यादीत वाचणाऱ्याला धागा सापडत नाही. माझ्या वाचनात जो धागा आला तो साधा आहे. येथे श्रद्धेच्या मुद्द्यावर मोठी भांडणे जवळपास झालीच नाहीत. भांडणे झाली ती अधिकारावरून, म्हणजे बिशप कोणी नेमायचा, धर्मगुरू कोठून यायचा आणि चर्चच्या चाव्या कोणाच्या कमरेला असायच्या यावरून. लिस्बन, गोवा, रोम आणि लंडन अशा चार दिशांनी ही ओढाताण चालली आणि ज्यांच्या गावात ती चालली त्या मराठी बोलणाऱ्या कोळी, आगरी, भंडारी, कुणबी ख्रिस्ती लोकांचे मत क्वचितच कोणी विचारले. मी स्वतः वसईच्या खाडीच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरचा, म्हणजे याच महाधर्मप्रांतातला असल्यामुळे हे लिखाण अगदी तटस्थ असेल असा दावा मी करत नाही.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या हद्दीतली बेटे पोर्तुगिजांना दिली. साष्टी, म्हणजे मुंबईची उपनगरे आज ज्यावर वसली आहेत ते बेट, आणि मुंबईची सात बेटे त्यातच आली. गोव्याचा धर्मप्रांत तेव्हा नुकताच स्थापन झाला होता. १५५८ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला आणि उत्तर कोकणातला हा सगळा पट्टा त्याच्या ताब्यात राहिला. व्यवस्था अशी होती की पोर्तुगालच्या राजाने चर्च बांधायची, धर्मगुरूंना पोसायचे, मिशनांचा खर्च उचलायचा आणि त्या बदल्यात बिशपांची नावे सुचवण्याचा हक्क त्याच्याकडे राहायचा. या हक्काला पाद्रोआदो म्हणत. सोळाव्या शतकात रोमला हा सौदा सोयीचा वाटला असणार, कारण आशियात जहाजे पाठवण्याची ऐपत पोपकडे नव्हती. मात्र एकदा दिलेला हक्क परत घ्यायला पुढची चार शतके लागली.

साष्टीत फ्रान्सिस्कन आणि जेजुइट या दोन संघांनी गावे वाटून घेतल्यासारखे काम केले. फ्रान्सिस्कन अंतोनियो दो पोर्तो यांचे नाव बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराशी कायमचे जोडले गेले आहे. तेथील शैव लेण्यांचे चर्चमध्ये रूपांतर झाले, वरच्या बाजूस मठ आणि विद्यालय उभे राहिले. आज लेण्यात पुन्हा शिवलिंगाची पूजा होते, वर मठाचे भग्न अवशेष आहेत आणि लेण्यातल्या एका दगडी शिल्पपटावर मूळ आकृत्या तासून कोरलेला मोठा क्रूस अजून स्पष्ट दिसतो. धर्मांतराच्या त्या काळाविषयी सारवासारव करण्यात अर्थ नाही. देवळे पाडली गेली, सवलतींची आमिषे होती, दडपण होते. त्याबरोबरच मनापासून पटून आलेले लोकही होते, आणि या सगळ्यांचे प्रमाण आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. एवढे मात्र दिसते की लोकांनी देव बदलला तरी घर बदलले नाही. जाती राहिल्या, लुगडे राहिले, शेतीचे वेळापत्रक राहिले, लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणण्याची रीत राहिली आणि बोली मराठीच राहिली.

रोमने आपला हात मोकळा करून घेण्यासाठी १६२२ मध्ये धर्मप्रसाराचे स्वतंत्र खाते काढले. ते प्रोपगंडा या नावाने ओळखले जाई. त्या खात्याने या भागासाठी केलेली पहिली मोठी नेमणूक मला फार बोलकी वाटते. मातेउस द कास्त्रो हे दिवाडी बेटावरचे, ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबातले गोमंतकीय. स्थानिक म्हणून गोव्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळेना, तेव्हा ते रोमला गेले, तेथे धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये बिशप होऊन आदिलशाही मुलखाचे व्हिकर अपोस्टोलिक, म्हणजे पोपचे थेट प्रतिनिधी, म्हणून परतले. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना मान्यता दिली नाही हे सांगायलाच नको. पुढे ‘ग्रेट मोगल’चे व्हिकरिएट म्हणून जे क्षेत्र ओळखले गेले आणि ज्यातून अखेर मुंबईचा धर्मप्रांत निघाला, त्याची मुळे या नेमणुकीत आहेत. म्हणजे पोर्तुगीज रक्ताच्या धर्मगुरूंचा वर्चस्ववाद मोडण्यासाठी सुरू झालेल्या व्यवस्थेतून हा महाधर्मप्रांत जन्मला आणि नंतर त्याच व्यवस्थेत दोन शतके इटालियन, स्विस, जर्मन आणि इंग्रज बिशप बसत राहिले.

१६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, १६६५ मध्ये ताबा दिला गेला आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. करारात कॅथलिकांच्या धर्मस्वातंत्र्याची हमी होती. कंपनीला मात्र आपल्या किल्ल्याखाली पोर्तुगालच्या राजाशी बांधलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरू नको होते. १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून यांनी त्यांना बेटावरून घालवले आणि रोमच्या आज्ञेतल्या कार्मेलाइट संघाच्या इटालियन धर्मगुरूंना बोलावले. व्हिकर अपोस्टोलिक मुंबईत आले ते असे, इंग्रजांच्या आमंत्रणावरून. कॅथलिक लोकांचा एक मोठा गट मात्र गोव्याशी एकनिष्ठ राहिला आणि अर्ज-विनंत्या करत राहिला. १७८९ मध्ये कंपनीने चर्चेस पुन्हा गोव्याकडे दिली, १७९१ मध्ये परत कार्मेलाइटांकडे दिली आणि शेवटी १७९४ मध्ये मुंबईतली चर्चेस दोन गोव्याला, दोन रोमच्या प्रतिनिधीला अशी वाटून टाकली. घरच्या वाटण्यांसारखीच ही वाटणी झाली आणि पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे एका शहरात दोन बिशपांचे राज्य चालले.

मधल्या काळात खाडीपलीकडे आणि साष्टीत फार मोठी उलथापालथ झाली होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या. भीमाशंकराच्या देवळात, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही पाहता येतात. युरोपीय मिशनरी निघून गेले, मठ ओस पडले आणि या पट्ट्यातली चर्चेस चालवण्याचे काम मुख्यतः गोव्याच्या आणि स्थानिक धर्मगुरूंच्या अंगावर पडले. आमच्याकडच्या इतिहासात मराठी राजवटीचा काळ केवळ संकटाचा म्हणून रंगवला जातो. मला तो तसा सरसकट वाटत नाही. युरोपीय आधार अचानक काढून घेतल्यावरही हे लोक ख्रिस्ती राहिले, जपमाळ म्हणत राहिले, आपल्या पोरांना बाप्तिस्मा देत राहिले. त्यांची श्रद्धा राजाच्या खर्चावर टिकलेली नव्हती याचा याहून मोठा पुरावा कोणता असू शकतो? १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली आणि मग साष्टीही मुंबईच्या भांडणात ओढली गेली.

१८३८ मध्ये पोप सोळाव्या ग्रेगरींनी पोर्तुगीज मुलखाबाहेरचा पाद्रोआदोचा अधिकार बहुतांशी रद्द केला. गोव्याने हे मानले नाही आणि माहीमचा वेढा हा त्याचाच परिणाम. हार्टमन यांनी १८५० मध्ये सुरू केलेले इंग्रजी साप्ताहिक, आजचे ‘द एक्झामिनर’, याच धुमाळीतले अपत्य आहे आणि ते अजून महाधर्मप्रांताचे मुखपत्र म्हणून निघते. शतकाच्या मध्यापासून कार्मेलाइट आणि कापुचिनांच्या जागी जर्मन भाषक जेजुइट आले. त्यांनी वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस, माझगावचे सेंट मेरीज आणि १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज उभे केले. रोमच्या बाजूकडे शाळा-कॉलेजे आणि इंग्रजी, गोव्याच्या बाजूकडे जुनी गावे आणि पोर्तुगीज वळणाची उपासना, अशी एक वाटणी नकळत झाली. आणि शहरात नोकरी कोणाला मिळणार हे ज्या भाषेवर ठरत होते ती भाषा पहिल्या बाजूकडे होती.

१८८६ हे वर्ष या कथेत निर्णायक ठरले. तेराव्या लिओ पोपनी पोर्तुगालशी करार केला, १ सप्टेंबरला भारतातील कॅथलिक धर्मप्रांतांची नियमित रचना जाहीर केली आणि मुंबई महाधर्मप्रांत झाला. पहिले आर्चबिशप इंग्रज जेजुइट जॉर्ज पोर्टर. पण त्याच कराराने दमणचा पाद्रोआदो धर्मप्रांतही निर्माण केला आणि साष्टीतली जुनी चर्चेस त्याच्याकडे गेली. परिणामी वांद्र्याच्या एका माणसाचा बिशप दमणचा असे आणि त्याच्या शेजाऱ्याचा मुंबईचा. सेंट अँड्र्यूज एकाकडे, सेंट पीटर्स दुसऱ्याकडे, आणि दोन्ही चर्चेस पायी चालण्याच्या अंतरावर.

पुढच्याच वर्षी, २६ मे १८८७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून स्थानिक ख्रिस्ती लोकांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेले कॅथलिक आणि येथले मूळचे कॅथलिक या दोघांनाही सरकारदरबारी ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ असेच समजत. आपण कंपनीच्या काळापासून येथल्या सरकारची चाकरी करणारे मूळ रहिवासी आहोत हे ठसवण्यासाठी त्यांनी कंपनीचेच नाव घेतले. या गोष्टीवर अनेक जण हसतात. अधिकाराच्या भांडणात आपल्याला कोणी विचारत नाही हे कळलेल्या समाजाने सत्ता ज्याच्याकडे आहे त्याच्या नावाचा आधार घेतला, यात हसण्यासारखे मला तरी काही दिसत नाही.

विसाव्या शतकाने गुंता सोडवला तो अपघातांनी आणि एका माणसाच्या हट्टाने. पहिल्या महायुद्धात जर्मन जेजुइट शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले, परत पाठवण्यात आले आणि शाळा-कॉलेजे चालवायला माणसे मिळेनात. त्यांची जागा पुढे स्पॅनिश जेजुइटांनी घेतली. इतिहाससंशोधक हेन्री हेरास त्यांतलेच. १५ एप्रिल १९२८ च्या करारानुसार दमणचा धर्मप्रांत विसर्जित झाला, साष्टीची चर्चेस मुंबईत आली आणि दुहेरी राज्य संपले. त्यासाठी मोजलेली किंमत विचित्र होती. यापुढे मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावेत असे ठरले. त्याप्रमाणे आधी ज्वाकिम लिमा आले आणि त्यांच्यानंतर १९३७ मध्ये इंग्रज जेजुइट थॉमस रॉबर्ट्स.

रॉबर्ट्स यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, याची मला खंत वाटते. एका वसाहतीतल्या धर्मप्रांताच्या गादीवर दोन परदेशी सत्तांनी पाळीपाळीने माणूस बसवायचा, ही व्यवस्था स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात चालणार नाही हे त्यांनी ओळखले. नुसते पत्र लिहून भागणार नाही हेही ओळखले. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप करून घेतल्यावर ते मुंबईबाहेर राहू लागले आणि कारभार ग्रेशस यांच्याकडे सोपवला. आर्चबिशप पदावर आहेत पण शहरात नाहीत, अशी ती चार वर्षे होती. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, वर्षअखेरीस रॉबर्ट्स यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. अधिकारासाठी चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेणारे हार्टमन आणि अधिकार सुटावा म्हणून शहर सोडून जाणारे रॉबर्ट्स, या दोघांच्या मध्ये जेमतेम एक शतक आहे.

कराचीत गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले ग्रेशस १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा सोहळा म्हणजे १९६४ ची ३८ वी आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक परिषद, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या संस्काराभोवती भरणारा जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा. ओव्हल मैदानावर भव्य वेदी उभारली होती आणि पोप सहावे पॉल २ ते ५ डिसेंबर या काळात मुंबईत होते. भारतात आलेले ते पहिलेच पोप. जाताना त्यांनी आपली मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी तिची सोडत काढून पैसा उभा केला, ही गोष्ट आमच्या घराघरांत सांगितली जाई. त्या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती आणि तिच्या निर्णयानुसार लवकरच लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, लोकभाषांत होऊ लागली.

ग्रेशस यांच्यानंतर १९७८ मध्ये सायमन पिमेंटा आले. ते मरोळचे, गणिताचे पदवीधर, ईस्ट इंडियन. १५३४ पासून मोजले तर साष्टीच्या मातीतला माणूस साष्टीच्या गादीवर बसायला ४४४ वर्षे लागली. १९८८ मध्ये तेही कार्डिनल झाले. १९९६ मध्ये त्यांच्या जागी आलेले आयव्हन डायस वांद्र्यात जन्मलेले, व्हॅटिकनचे मुत्सद्दी. २००६ मध्ये पोपनी त्यांना रोमला बोलावून धर्मप्रसार खात्याचे प्रमुख केले. म्हणजे ज्या प्रोपगंडाने द कास्त्रो यांच्यापासून मुंबईवर माणसे नेमली, त्याच खात्याच्या खुर्चीवर मुंबईचा माणूस बसला. या वर्तुळाची नोंद येथे कोणी आवर्जून घेतल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

पिमेंटांच्या निवृत्तीनंतर दीड वर्षात, २२ मे १९९८ रोजी, वसई वेगळी झाली. खाडीच्या उत्तरेचा प्रदेश काढून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. कारभाराच्या दृष्टीने हे योग्यच होते. वसईच्या लोकांना प्रत्येक कामासाठी कुलाब्याला यावे लागणे हा जाचच होता. वसईचे भले झाले. तेथे मिस्सा मराठीत, प्रवचन मराठीत, ‘सुवार्ता’ मासिक मराठीत, आणि तेथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मुंबईकडे पाहिले तर मात्र महाधर्मप्रांताने आपला सर्वांत मोठा, सलग मराठी बोलणारा भाग एका दिवसात गमावला. उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरी आणि शहरातली विखुरलेली गावठाणे एवढेच उरले, आणि संख्येच्या राजकारणात विखुरलेल्यांना वजन नसते.

आजचा महाधर्मप्रांत मुंबई, मुंबई उपनगर, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांत पसरलेला आहे आणि त्यात सुमारे पाच लाख कॅथलिक आहेत. पुणे, नाशिक आणि वसई हे धर्मप्रांत त्याच्या प्रांतिक रचनेत येतात. आर्चबिशपांचे निवासस्थान आणि कचेरी कुलाब्याला होली नेम कॅथेड्रलशेजारी आहे. प्रत्यक्ष जीवन मात्र धर्मग्रामात, म्हणजे बोलण्यात ज्याला आम्ही परीश म्हणतो तेथे चालते. कोणत्याही परीशच्या आवारातला फळा वाचला की सगळा संसार कळतो. रविवारच्या मिस्सांच्या वेळा, त्यांत इंग्रजीच्या चार-पाच, कोंकणीची एक, कोठे तमिळ, कोठे हिंदी, आणि मराठीची असली तर बहुधा अगदी पहाटेची. खाली या आठवड्यात लग्न होणाऱ्यांची नावे आणि ‘कोणास अडथळा ठाऊक असल्यास कळवावे’ ही सूचना. शेजारी धर्मशिक्षणाच्या वर्गांचे वेळापत्रक, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या गरिबांसाठीच्या वर्गणीचा हिशेब, रक्तदान शिबिर आणि हरवलेल्या छत्रीची नोंद. चर्चच्या इमारतीइतकेच महत्त्व शाळेच्या पटांगणाला असते. १९८० च्या दशकापासून परीशची विभागणी छोट्या ख्रिस्ती समूहांत करण्यात आली. वीस-पंचवीस घरांचे लोक एखाद्याच्या बैठकीच्या खोलीत बायबल वाचायला जमतात. हा प्रयोग कागदावर जितका चांगला आहे तितका तो गृहनिर्माण सोसायट्यांच्या बंद दारांमागे टिकला नाही, पण चाळींत आणि गावठाणांत तो खरोखर जगतो, कारण तेथे शेजार आधीपासूनच होता.

ख्रिस्ती नसलेल्या मुंबईकराची या महाधर्मप्रांताशी ओळख असते ती दोन ठिकाणी. एक, माहीमची बुधवारची नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ वेळा करायची प्रार्थना, जी ८ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली आणि आता दिवसभर चालते. ज्या दारासाठी १८५३ मध्ये वेढा पडला त्या दारातून आता कोणीही, कोणत्याही धर्माचा, आत जातो आणि नवसफेडीची चिठ्ठी टाकून येतो. दुसरे, वांद्र्याची मोतमाऊली. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते आणि टेकडीवर मेणाच्या वस्तू विकायला बसलेल्या बायकांसमोरच्या टोपल्यांत शहराच्या मागण्या अगदी उघड्यावर मांडलेल्या असतात. हात, पाय, हृदय, डोळे, बाळ या जुन्या वस्तू असतातच, त्यांच्याबरोबर घरे, मोटारी, विमाने आणि पासपोर्टही असतात. कोळी बायका या माऊलीला आपली मानतात आणि चर्चनेही या नात्यात कधी फारशी ढवळाढवळ केलेली नाही, हे शहाणपणाचे झाले.

गावठाणांची स्थिती मात्र वाईट आहे. १८९६ च्या प्लेगमध्ये रोग टळावा म्हणून गल्लीगल्लीत क्रूस उभारले गेले. त्यांच्या चौथऱ्यांवर वर्ष, देणगीदाराचे नाव आणि एखादी ओळ कोरलेली असते, संध्याकाळी कोणीतरी मेणबत्ती लावते, झेंडूचा हार घालते आणि मे महिन्यात तेथे जपमाळेसाठी लोक जमतात. रस्तारुंदीच्या कामांत यांतले काही पाडले गेले. काही वाचले ते लोकांनी शंभर वर्षांपूर्वीची कागदपत्रे शोधून काढली म्हणून. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण, साजरा होतो. कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेली जातात, पण वांद्र्यात किंवा मरोळात आता शेत नाही, त्यामुळे ती बाहेरून आणावी लागतात. अंधेरीच्या सीप्झच्या कुंपणाआड १५७९ चे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च छप्पर गेलेल्या अवस्थेत उभे आहे. १८४० मध्ये साथीमुळे गाव उठले, परीश मरोळला हलली, नंतर सभोवती निर्यात क्षेत्र झाले. वर्षातून एकदा परवानगी घेऊन तेथे मिस्सा होते. बाकीचे दिवस त्या भिंती संगणक आणि दागिन्यांच्या कारखान्यांच्या मध्ये उभ्या असतात.

दक्षिण मुंबईत वेगळीच अडचण आहे. धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत, जेथे गोमंतकीय खलाशांच्या कुडी, म्हणजे गावागावांची राहण्याची सामायिक ठिकाणे, होत्या आणि प्रत्येक कुडीत आपल्या गावच्या संताची वेदी होती, तेथील परीश ओसरत चालल्या आहेत. माणसे आधी बोरिवली, मालाड, वसईला गेली आणि आता त्यांची मुले कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जात आहेत. दफनभूमीत जागा नाही म्हणून कबर कायमची मिळत नाही. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. माणूस जमिनीला मुकला तरी नावाची एक पाटी राहते, एवढ्यावर आम्ही समाधान मानायला शिकलो आहोत.

आणि रायगडकडे तर शहरातल्या कॅथलिकांचे लक्षच नसते. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडावर कोर्लई गाव आहे. पोर्तुगिजांनी १७४० मध्ये चौल सोडले, पण तेथले ख्रिस्ती लोक मागे राहिले आणि आपसात अजूनही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली स्वतःची भाषा बोलतात. शेकड्यांत मोजावेत एवढेच लोक आहेत. त्यांची पोरे शाळेत मराठी शिकतात, घरी ती भाषा बोलतात.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस ऐंशी वर्षांचे होऊन निवृत्त झाले आणि पुण्याचे बिशप राहिलेले जॉन रॉड्रिग्ज आर्चबिशप झाले. ओस्वाल्ड ग्रेशस हे पोप फ्रान्सिस यांच्या सल्लागार कार्डिनलांच्या मंडळातले. पण वयाची ऐंशी पूर्ण झाल्यामुळे त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या पोपच्या निवडणुकीत त्यांना मत देता आले नाही. आता नेमणूक लिस्बनमधून होत नाही, लंडनला विचारावे लागत नाही आणि गोव्याशी भांडण नाही. चाव्यांचा प्रश्न सुटला. उरला आहे तो भाषेचा प्रश्न, आणि तो मी येथे स्पष्टच मांडतो. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला मराठीत प्रवचन देता यायला हवे, नुसते छापील प्रार्थना वाचण्यापुरते मराठी पुरणार नाही. उत्तनच्या कोळणीला आपले पापनिवेदन तिच्या बोलीत करता यायला हवे आणि ऐकणाऱ्याला ते समजायला हवे. मराठी मिस्सा पहाटेच्या वेळेतून काढून लोकांना येता येईल अशा वेळी ठेवायला हवी. इंग्रजी मिस्सांना गर्दी होते आणि मराठीला होत नाही, असे उत्तर मिळते. ज्या वेळेला मासळीबाजार भरतो त्या वेळेला ठेवलेल्या मिस्सेला कोळीवाड्यातून कोण येणार, हे उत्तर देणाऱ्याने आधी सांगावे.